दादा, किती सेट राहिलेत?

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय. चिडलोय मुख्यतः स्वतःवर, पण एकट्याने चिडण्यात मजा नाही, म्हणून तुम्हालाही त्यात ओढणार आहे. ज्यांना जिम, व्यायाम वगैरे विषयांचं वावडं आहे त्यांनी 'रॉड' ह्या शब्दाच्या जागी 'हापिसातली मीटिंग रूम' असं वाचावं. लेख फारसा बिघडणार नाही.

गोष्ट उमरग्याची. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं आमचं गाव. (जिल्हा धाराशिव. माझ्या जुन्या सगळ्या कागदांवर उस्मानाबाद आहे, आणि बँकेतला माणूस दर वेळी दोन्ही वाचून माझ्याकडे संशयाने बघतो. असो.) मी असतो हिंजवडीत, पण घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून दिवाळी, संक्रांत, उन्हाळा असा दोन-दोन आठवडे गावी तळ ठोकतो. आणि तळ ठोकला की पहिलं काम म्हणजे जिमचा महिन्याचा पास.

जिम म्हणजे एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरचा मजला. दोन बेंच. एकच स्क्वॅट रॅक. रॉड दोन, त्यातला एक सरळ आणि एक आयुष्याने थोडा वाकवलेला. डंबेलच्या काही जोड्यांमधला एकेक डंबेल बेपत्ता आहे. (पंधरा किलोचं लोखंड हरवतं कसं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) सकाळी सहा ते आठ ह्या वेळात तिथे तीस-पस्तीस जण असतात. भिंतीवर पाटी आहे, 'वजने जागेवर ठेवावीत. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा ते लिहिलेलं नाही, त्यामुळे तो कोणी पाळत नाही.

मागच्या दिवाळीतली सकाळ. मी रॅकवर. पाच-पाचचे पाच सेट, मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती, असं शास्त्रशुद्ध वगैरे चाललेलं. विश्रांतीत बेंचवर नॅपकिन, रॉडवर माझ्या प्लेटा, कानात बोंडं, हातात फोन. फोनवर हापिसातली मेलामेली चालू होती, त्यामुळे तीनाची चार आणि चाराची सहा मिनिटं कधी झाली ते कळलं नाही. खांबाजवळ एक पोरगा उभा होता. एकोणीस-वीसचा असेल. हात ताणल्यासारखं करत होता. किती वेळ ताणणार? शेवटी जवळ आला आणि म्हणाला, "दादा, किती सेट राहिलेत?"

मी कानातलं न काढता तीन बोटं दाखवली.

तो "बरं" म्हणाला, परत खांबाजवळ गेला. दहाएक मिनिटांनी मी बघितलं तेव्हा तिथे नव्हता. मला वाटलं, चला, गेला दुसरीकडे. नंतर जिममधल्या पोराकडून कळलं की तो पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पळून मग इथे येतो आणि साडेसातला हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात कामाला लागतो. म्हणजे त्याच्या हातात पाऊण तास. त्यातला बराचसा माझ्या तीन बोटांनी खाल्ला.

आता भरती म्हणजे काय, हे पुण्यातल्या वाचकांसाठी. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. गोळा ७.२६० किलोचा. त्या पंधरा गुणांसाठी पायात, कमरेत, खांद्यात ताकद लागते आणि ती ताकद करायला उमरग्यात जी साधनं आहेत त्यात तो एक रॅक येतो. माझ्यासाठी तो रॅक म्हणजे खुर्चीत बसून बिघडलेल्या कमरेवरचा उतारा. त्याच्यासाठी नोकरी. आणि रॅक माझ्याकडे होता, कारण मी पाच मिनिटं आधी पोचलो होतो.

खरं सांगू? त्या सकाळी मला काहीही वाटलं नाही. वाटलं ते चार दिवसांनी, एसटी स्टँडवर. पुण्याची गाडी लागली, दिवाळी संपवून परतणारं अर्धं गाव दाराशी, आणि मी रीतसर रेटारेटी करून आत शिरलो तर खिडकीजवळच्या सीटवर रुमाल. खालून एकाने खिडकीतून टाकलेला. मी बसायला गेलो तर बाहेरून आवाज, "ओ, रुमाल टाकलाय, दिसत नाही का?" मग मी त्या गृहस्थांना खिडकीतूनच नागरिकशास्त्र शिकवलं. रुमालाला तिकीट लागतं का, सीट बसणाऱ्याची असते की कापडाची, वगैरे. दोन-चार प्रवाशांनी मानाही डोलावल्या. मागे जागा मिळाली, बसलो, आणि नळदुर्ग यायच्या आत आठवलं की बेंचवर माझा नॅपकिन होता.

तर मुद्दा असा. जिममधल्या शिष्टाचाराबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं (आणि रीळवाल्यांनी त्यावर पुष्कळ बोलून ठेवलंय) त्यात सल्ला नेहमी थांबलेल्याला असतो. नम्रपणे विचारा. किती सेट राहिलेत ते विचारा. मध्ये एक सेट मारू का असं विचारा. सेट चालू असताना विचारू नका, डोळ्यांसमोर उभे राहू नका, हसून विचारा. ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी डझनभर नियम, आणि ज्याच्या हातात रॉड आहे त्याच्यासाठी एकच, की विचारलं तर हो म्हणा. माझं म्हणणं आहे की हे सगळं उलटं आहे. विचारायचं ते रॉड धरणाऱ्याने. सेट संपवून रॉड ठेवला की मान वर करायची, आजूबाजूला बघायचं, कोणी घुटमळत असेल तर म्हणायचं, "ये, आळीपाळीने करू." त्याने विचारायची वेळ आली म्हणजे आपण आधीच चुकलो.

का? कारण विचारणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं.

हिंजवडीच्या जिममध्ये मी कोणालाही विचारतो. तिथे सगळेच कोणत्या ना कोणत्या कंपनीचे पट्टे गळ्यात घालणारे, कोणी कोणाला ओळखत नाही, फार तर नाही म्हणेल. उमरग्यात असं नसतं. तिथे रॅकवर असतो तो कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी कार्यकर्ता, कोणाचा तरी सावकार किंवा नुसताच दंडाने मोठा. किंवा माझ्यासारखा 'पुण्याला कंपनीत असलेला'. आणि थांबलेला असतो तो त्याच्याच गल्लीतला, उद्या त्याच्याकडेच काम मागायला जाणारा पोरगा. तो जेव्हा 'दादा, किती सेट राहिलेत' म्हणतो तेव्हा त्याने चौकशी केलेली नसते, अर्ज केलेला असतो. अर्जाला तीन बोटं दाखवली की तो फेटाळला गेला असं तो समजतो. बरोबरच समजतो.

बायकांचं तर विचारूच नका. आमच्या जिममध्ये दुपारी लेडीज बॅच असते, पण दुपारी शाळेत शिकवणाऱ्या किंवा दवाखान्यात ड्यूटी असणाऱ्या दोघी-तिघी सकाळीच येतात. त्यांना मी रॅकच्या आसपासही कधी पाहिलं नाही. एकीला विचारलं तर म्हणाली, "रॉड मागायला गेलं की रॉड मिळतो ओ, पण त्याच्याबरोबर अर्धा तास शिकवणीपण मिळते." म्हणजे मागण्याची किंमत. ती आपण देत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही.

ह्यावर आता आक्षेप येणार. मला तोंडपाठ आहेत, कारण सगळे मीच वापरलेत.

पहिला, "मी पैसे भरलेत." भरलेत ना. त्यानेही भरलेत, आणि त्याच्या पगाराच्या हिशेबात तुमच्यापेक्षा जास्त भरलेत. महिन्याची फी ही वापरायची फी आहे, रॅक तासावर भाड्याने घेतल्याची पावती नाही.

दुसरा, "विश्रांती हा सेटचाच भाग आहे." हा जरा वजनदार आक्षेप आहे, कारण तो खरा आहे. जड वजनाला दोन-तीन मिनिटं विश्रांती लागतेच, त्यात आळस नाही. पण विश्रांती तुमच्या मांड्यांना लागते. रॉडला लागत नाही! तो बिचारा लोखंडाचा आहे. तुम्ही दम खात असताना त्याने तुमच्या नावाने रिकामं पडून राहायचं काहीएक कारण नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे समजायला हवं, कारण लॉक धरून झोपलेला थ्रेड दिसला की कोड रिव्ह्यूमध्ये आपण समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आणि सकाळी उठून स्वतः तेच करतो.

हिशेबच मांडतो, कारण हिशेबाशिवाय इंजिनियर ऐकत नाही. वॉर्म-अपचे तीन आणि कामाचे पाच, असे आठ सेट धरा. एकट्याने केले तर विश्रांतीसकट पंचवीस मिनिटं. दोन तासांत एका रॅकवर चार जण, पाचव्याचं जेमतेम. आता तिघांनी आळीपाळीने करायचं ठरवलं. एक सेट ४० सेकंद, प्लेटा बदलायला ३० सेकंद, म्हणजे माणशी ७० सेकंद. तिघांचा फेरा साडेतीन मिनिटांत पूर्ण. तुमचा सेट संपल्यापासून पुढचा येईपर्यंत २ मिनिटं ५० सेकंद मिळाली. म्हणजे जी विश्रांती तुम्ही घेणारच होतात तीच, सेकंदांच्या फरकाने. आठ फेऱ्यांना २८ मिनिटं. तुमची तीन मिनिटं जास्त गेली आणि त्यात अजून दोन माणसांचा पूर्ण व्यायाम झाला. दोन तासांत चाराऐवजी बारा. नवा रॅक नाही, नवा रॉड नाही, एक पैचा खर्च नाही. असा सुधार हापिसात कोणी करून दाखवला तर त्याला चषक देतात.

(चौथा आला तर फेरा पावणेपाच मिनिटांवर जातो, तोही जड वजनाला चालून जातो. पाचव्याला मात्र थांबायला सांगा. पण सांगा! "ह्याच्यानंतर तुझा नंबर" एवढं कळलं की माणूस तोवर दुसरा व्यायाम करून येतो. खांबाजवळ हात ताणत उभा राहत नाही.)

तिसरा आक्षेप, "त्याचं वजन वेगळं, माझं वेगळं, कोण प्लेटा बदलत बसणार?" मग वजन उचलायला आलायत कशाला? शंभरवाला आणि चाळीसवाला एकत्र असले तरी बाजूला एक वीसची आणि एक दहाची प्लेट, एवढाच फरक. दोघांनी दोन बाजूंनी काढली तर अर्धा मिनिटही लागत नाही. उंचीचा प्रश्न खरा आहे. बुटक्याला रॅकच्या वरच्या खुंट्यांवरून रॉड उचलता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे खुंट्या बुटक्याच्या मापाने लावायच्या, उंचाने थोडं जास्त वाकून उचलायचं. उलटं केलं तर बुटका चवड्यांवर उभा राहून रॉड काढणार आणि एक दिवस तोंडावर पडणार.

आणि एकच रॉड वाटून घेणं ही गरिबीची, लहान गावची तडजोड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वेटलिफ्टिंगची स्पर्धा एकदा नीट बघावी. ऑलिंपिकलासुद्धा मंचावर सगळ्यांना मिळून एकच रॉड असतो. वजन फक्त वर चढत जातं, खाली येत नाही, त्यामुळे कमी वजन मागणारा आधी उचलून जातो. नाव पुकारलं की एक मिनिटाचं घड्याळ सुरू, त्याच्या आत रॉड हलवायचा. स्वतःच्याच मागोमाग पुन्हा स्वतःचा नंबर आला तर दोन मिनिटं. प्लेटा बदलायला वेगळी माणसं असतात. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. ११३ अधिक १३५, एकूण २४८ किलो. सुवर्णवाल्या मलेशियनचे २४९. एका किलोने गेलेलं सुवर्ण! शेवटच्या प्रयत्नांत त्याचा कोपर दुखावला. तर एका किलोवर ज्यांचं आयुष्य ठरतं ती माणसं एका मिनिटाच्या घड्याळावर, दुसऱ्याने नुकत्याच ठेवलेल्या रॉडला हात घालतात. आणि आपली 'लय तुटते'.

त्या स्पर्धेत कोणाला विचारावं लागत नाही, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. क्रम वजनाने ठरतो, वेळ घड्याळाने. कोण कोणाचा भाऊ ह्याला किंमत नाही.

आपल्याकडे तालमीत हे काम वस्ताद करायचे. आमच्या बाजूला कुस्तीचं वेड जुनं आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिंबरोहून राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी कितीतरी पोरं घडवली. बीडचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा, त्याने २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. तालमीत आखाडा एकच. पोरं पन्नास. मग वस्ताद जोड लावतात, तू आणि तू, या. बाकीचे कडेला बैठका मारत, जोर काढत आपल्या नंबरची वाट बघतात. कोणी वस्तादांना 'अजून किती वेळ' विचारत नाही, कारण प्रत्येकाला माहीत असतं की आपल्याला हाक येणार आहे. आणि माती उकरायची असते ती सगळ्यांनी. काल जिंकलेल्यानेही. रॉडवर शंभर किलो तसंच सोडून प्रोटीनची बाटली हलवत निघून जाणाऱ्या वीरांना मी एक आठवडा माती उकरायला पाठवणार आहे. कारण त्यांच्यामागून येणाऱ्या चाळीस किलोवाल्या पोराला आधी त्यांचं शंभर उतरवावं लागतं. म्हणजे पोराचा वॉर्म-अप हा ह्यांचा हमाल होऊन. (तालमीचं गुणगान करताना एक विसरू नये, तिथे पोरींना दारही बघू देत नसत. हाक यायला आधी आत असावं लागतं.)

जिममध्ये वस्ताद नाही. ट्रेनर असतो, पण त्याला नवीन ॲडमिशन बघायची असतात, पावडरचे डबे विकायचे असतात आणि सहा ते आठ तो पर्सनलवाल्यांच्या मागे असतो. मालकाला तर गर्दी हीच कमाई. पस्तीस लोक एका रॅकवर भांडले तरी पस्तीसांची फी जमा. आम्ही दोघा-तिघांनी दुसरा रॅक आणा म्हणून सांगितलं तर "बघू की, दिवाळी होऊ द्या" म्हणाले. कोणती दिवाळी ते विचारायचं राहिलं :-) त्यामुळे वस्तादाचं काम ज्याच्या हातात त्या वेळी रॉड आहे त्याच्यावर येतं. सत्ता त्याच्याकडे आहे, हाक त्यानेच मारायची.

आता रुमालाबद्दल. वस्तू ठेवून नंबर लावणं हे मुळातच वाईट, असं मी म्हणणार होतो. पण आजीने त्यात पाचर मारली. तिला मी हा सगळा रामायणाचा कित्ता ऐकवला, तर म्हणाली, "अरे, मग आम्ही घागरी ठेवायचो ते काय होतं?"

मराठवाड्यात राहून घागरींची रांग ज्याने पाहिली नाही असा माणूस विरळा. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा इंजिनियरिंगला होतो आणि होस्टेलवर नळ उघडा सोडून दात घासत होतो. तर आजीच्या काळातली रांग. नळाला पाणी यायच्या आधी बायका घागरी लावून ठेवत आणि घरी जाऊन भाकरी थापत. घागर नंबर सांभाळायची. पण नंबर आला की शेजारीण हाक मारायची. आली नाही तर घागर बाजूला सरकवून पुढची भरायची. आणि एक खेप भरली की पुन्हा रांगेच्या शेवटी. तर फरक हा आहे. घागर सांगते की माझ्यानंतर तू. रुमाल सांगतो की मी येईपर्यंत कोणीच नाही. घागर रिकाम्या नळाखाली कोणी ठेवून जात नाही, भरायला लागली की भरायची आणि उचलायची. रुमाल रिकाम्या सीटवर तासभर पडून राहतो. बेंचवरचा माझा नॅपकिन घागर नव्हता.

(सगळ्यांच्या घागरी एका रांगेत होत्या असं मात्र समजू नका. कोणाची घागर नळाला लागायची आणि कोणाला लांब उभं राहून कोणी ओतेल त्याची वाट बघावी लागायची, हे आजीने मी न विचारता सांगितलं, आणि मग बराच वेळ गप्प बसली. न मागता हाक मारावी असं मी वर जे म्हणतोय त्याला हेही एक कारण आहे.)

एक शेवटचा प्रकार राहिला, सुपरसेटवाले. हे एका वेळी दोन साधनं धरतात. बेंचवर नॅपकिन, आणि स्वतः डंबेल घेऊन आरशासमोर. परवा तर गंमतच झाली. एकाने बेंच धरलेलं आणि त्याला वीसचे डंबेल हवे. दुसऱ्याने वीसचे डंबेल धरलेले आणि त्याला बेंच हवं. दोघंही सभ्य, दोघंही समोरच्याचं संपायची वाट बघत आरशात स्वतःला न्याहाळतायत. डाइक्स्ट्रा नावाच्या डच गृहस्थांनी १९६५ साली विद्यार्थ्यांना परीक्षेत जो प्रश्न घातला, ज्याचे पुढे जेवणाच्या टेबलावरचे तत्त्वज्ञ झाले आणि जो आपण सगळ्यांनी पाठ करून लिहिला, तो डेडलॉक उमरग्यात हार्डवेअरच्या दुकानावर याचि देही याचि डोळा. उत्तरही पुस्तकातलंच, की एक धरून दुसऱ्याची वाट बघायची नाही. गर्दीच्या वेळी एका माणसाला एक साधन. सुपरसेट दुपारी दोन वाजता मारा, जिम मोकळी असते, पंखेही तुमचेच.

(कृ. ह. घ्या. सुपरसेटवाले माझे मित्र आहेत, आणि दंड त्यांचे मोठे आहेत.)

आता तुम्ही विचाराल, एवढं लिहिलंस, पण तू स्वतः काय केलंस. संक्रांतीला गेलो तेव्हा तो पोरगा दिसला. खांबाजवळच. मी रॅकवर होतो, सेट संपवला, कानातली बोंडं काढली आणि म्हटलं, "ये, आळीपाळीने करू." तर म्हणाला, "नको दादा, तुमचं होऊ द्या." मला वाटलं, झालं, आपलं कर्तव्य संपलं. पुढच्या सेटनंतर पुन्हा म्हटलं. पुन्हा "नको, राहू द्या." मग लक्षात आलं की मी रॅकच्या आत उभा राहून बोलावतोय, प्लेटा माझ्याच आहेत आणि नॅपकिनही तिथेच आहे. ते सगळं काढलं. रॉडवर दोन्ही बाजूंना फक्त दहा-दहा ठेवल्या, बाहेर आलो आणि विचारलं, "तुला किती लावू?" तेव्हा आला.

चाळीसने सुरुवात केली त्याने. मी ऐंशीवर होतो. तिसरा एक शिक्षक साठवर, तो आपण होऊन येऊन मिसळला, कारण तिघं हसत-बोलत असले की चौथ्याला विचारायची भीती वाटत नाही बहुतेक. फोन बघायला वेळच नव्हता, सतत प्लेटा. त्याच्या बैठका माझ्यापेक्षा खोल जातात. पाठ सरळ. पळणाऱ्याच्या मांड्या आहेत, मी उगाच ऐंशीचा तोरा मिरवत होतो. गोळा किती जातो विचारलं तर सांगितलं नाही, हसला.

साडेसातला पाच कमी असताना त्याने घड्याळ बघितलं आणि बॅग उचलली. सहाच सेट झाले होते त्याचे, दोन राहिले. जिन्यात अर्ध्यावर गेला असेल आणि खालून ओरडला, "दादा, प्लेटा राहिल्या ओ माझ्या!"

शिक्षक म्हणाले, "जा तू." एका बाजूची त्यांनी काढली, एका बाजूची मी.